श्वासांचा ट्रॅक

१

आमची रेकॉर्ड कंपनी म्हणजे लाँड्रीखालचं एक तळघर आणि त्या तळघरात बसलेली मी. वर दिवसभर मशिनं फिरतात, छत थरथरतं, आणि वाफेचा पाइप डोक्यावरूनच जात असल्यामुळे भर थंडीतही मला स्वेटर लागत नाही. गाणी मात्र लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशीच रेकॉर्ड करावी लागतात. एरवी केली, तर ड्रमच्या मागे कुणाच्या तरी चादरी घुसळल्याचा आवाज येतो. एका बँडला तो आवाज फार आवडला होता, म्हणाले राहू दे. मी त्यांनाच राहू दिलं नाही.

मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नाहीत असे बँड माझ्याकडे येतात. त्यांतलाच एक ‘खिळेमोळे’. तिघंजण. गिटार वाजवणारा दिवसा शाळेत गणित शिकवतो, म्हणून तो मास्तर. ड्रमवाला खरोखरच वेल्डर आहे आणि ड्रमही तसाच वाजवतो, म्हणजे ठिणग्या उडाल्याशिवाय काम झालं असं त्याला वाटत नाही. आणि गाणारी, बेस गिटार वाजवणारी, माझी धाकटी बहीण. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. तिशी आली तरी बारकीच.

हे लोक पंक वाजवतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पंक म्हणजे तीन सूर, भरपूर राग, आणि श्रोत्याने खुर्ची ओढून बसायच्या आत गाणं खलास. तासन्‌तास आलाप घेणाऱ्यांना ते जमत नाही. त्याला छाती लागते.

आणि बारकीची छाती तर लहानपणापासून अधू. दमा. आम्ही दोघी एका खोलीत झोपायचो आणि मी तिचा श्वास ऐकत पडून राहायची. श्वास सोडताना शेवटी एक बारीक शिट्टी यायची. ती शिट्टी लांबली की श्वास आखूड व्हायचे, मग खांदे वर चढायचे. ती जागी होण्याआधीच तिचा औषधाचा पंप माझ्या हातात असायचा. दिवा लावायची गरज नसायची, तिचं तोंड कुठे असेल ते हाताला ठाऊक होतं. पुढे लोकांनी माझ्या कानांचं कौतुक केलं, इतकं बारीक कसं ऐकू येतं म्हणून विचारलं. ते कान मी कुठल्या शाळेत कमावलेले नाहीत.

तर, त्यांचा पहिला अल्बम तयार झाला. नाव ठेवलं ‘आवाज कमी करा’. नाव शोधावं लागलं नाही, सगळे शेजारी तेच म्हणत आले होते. आम्ही चौघं तळघरात बसून ऐकला. संपल्यावर मास्तर खूश, वेल्डर खूश. बारकी मात्र नखं कुरतडत बसली होती.

“ताई, हे श्वास काढ,” ती म्हणाली.

“कुठले?”

“सगळे. प्रत्येक ओळीआधी माझा भाता फुटल्यासारखा वाजतोय.”

“अगं पण पंक आहे हे,” वेल्डर म्हणाला. “धाप लागणारच. श्वास काढलेस तर स्टेशनवर घोषणा करणारी बाई वाटशील.”

“तुझं काय जातंय बोलायला? तू स्टेजवरून उतरलास की लोक म्हणतात, काय वाजवलंस! मी उतरले की पाणी पुढे करतात. म्हणतात, बरी आहेस ना?”

 पाणी पुढे करणाऱ्यांत पहिला हात नेहमी माझा असायचा.

२

श्वास काढणं हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम आहे. बातम्या वाचणाऱ्यांचे काढतात, जाहिरातीतल्या लोकांचे काढतात. पंकमध्ये कुणी काढत नाही, कारण ते म्हणजे पैलवानाला पावडर लावण्यासारखं आहे. पण बारकीने हट्ट धरला की मी कधी टिकलेय?

आमच्यात एक शिस्त असते. कापलेलं काही फेकायचं नाही. गायकाचं मन बदलतं, दोन महिन्यांनी येऊन म्हणतो, आधीचंच बरं होतं. म्हणून कापलेला तुकडा खाली दुसऱ्या ट्रॅकवर, बरोबर त्याच्या जागी सरकवून ठेवायचा आणि त्या ट्रॅकचा आवाज बंद करायचा. मीही तसंच केलं. स्क्रीनवर वर तिच्या आवाजाचे जाडजूड ठोकळे, आणि खाली रिकाम्या पट्टीवर मुंग्यांसारखे तिचे श्वास. ट्रॅकला नाव दिलं ‘बारकी श्वास’.

दोन दुपारी त्यात गेल्या. प्रत्येक श्वासाच्या शेपटाला ती बारीक शिट्टी होती. कधी ओळीच्या आधी घाईने घेतलेला, कधी शब्द संपता संपता चोरलेला. झोपलेल्या मुलाची नखं कापताना जशी धाकधूक होते ना, तशी मला सारखी होत होती. मी दोनदा उठून चहा करून प्यायले, तो काय चहाच्या तलफेने नाही.

मग पुन्हा चौघं बसलो. मी गाणं सुरू केलं.

काय सांगू! तोच अल्बम, तीच गाणी, पण तिचा आवाज पहिल्या गाण्यात सुटला तो शेवटपर्यंत कुठे टेकलाच नाही. त्याला टेकायची गरजच नव्हती. ऐकताना आपल्यालाच कासावीस व्हायला होई, आणि तरी बंद करवत नसे.

“हे आपण आहोत?” मास्तरने हळूच विचारलं.

 वेल्डरने स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता, आणि तो तसाच ठेवून बसला होता.

बारकी हसत होती. “आता कसं,” ती म्हणाली.

३

अल्बम वणव्यासारखा पसरला. आधी एका रेडिओवाल्याने सलग आठवडाभर लावला, मग एका मासिकाने लिहिलं की या मुलीला श्वास घ्यायलाही फुरसत नाही, आणि मग कुठून कुठून मागण्या येऊ लागल्या. लाँड्रीवाले काका इस्त्रीच्या कपड्यांच्या हातगाड्या आम्हाला रेकॉर्डची खोकी वाहायला देऊ लागले. ज्या मोठ्या कंपनीने पूर्वी माझा फोन ठेवून दिला होता तिचा माणूस स्वतः जिना उतरून आला आणि त्याने पाइपवर डोकं आपटून घेतलं. मी सांगितलं नव्हतं की वाका म्हणून. तेवढं सुख मी घेतलं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे बारकीचा दमा गेला.

आईचाच फोन आला होता. “पंप कित्येक दिवसांत हातात घेतला नाही गं तिने. जिना भराभर चढते. तुमच्या त्या आरडाओरड्याने काहीतरी भलं झालं म्हणायचं.” डॉक्टर म्हणाले, होतं असं, गाण्याने छाती सुधारते कधीकधी. मी फोन ठेवून रडले. इतकी वर्षं जे मागत आले ते मिळालं होतं, आणि रडायला तळघर बरं असतं, वर मशिनं चालू असली की कुणाला ऐकू येत नाही.

कार्यक्रमांना आवाज सांभाळायला मीच जात असे. एका मोठ्या हॉलमध्ये, गाणं चालू असताना, मी सवयीने कानाला हेडफोन लावून फक्त बारकीचा माईक ऐकला. तिचा आवाज स्वच्छ होता. ओठ उघडल्याचा आवाज येत होता, अंगठी बेसवर घासल्याचा येत होता, मागच्या पंख्याची घरघरसुद्धा येत होती. श्वास मात्र येत नव्हता.

आता याला कारण असतं. बारीक आवाज आपोआप गाळणारं एक बटण असतं, गेट म्हणतात त्याला. मी ते बंद केलं. पंखा वाढला, मास्तरच्या गिटारचा गोंगाट वाढला. ओळ संपली, पुढची सुरू झाली, मधे काही नाही. म्हटलं, तोंड बाजूला करून घेत असेल. मग डोळे तिच्यावर ठेवले. तिने तोंड बाजूला केलं नाही.

स्टेजवरून उतरल्यावर तिने मला घट्ट मिठी मारली. घामाने निथळत होती, पण धाप नव्हती. मी मिठी जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

“काय गं?” ती म्हणाली.

“काही नाही. छान झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. आम्ही गाडीत सामान भरत होतो. मास्तर आणि वेल्डर ड्रम उचलताना एकमेकांना शिव्या घालत होते आणि दोघांच्या तोंडातून वाफेचे ढग निघत होते. माझ्याही तोंडातून निघत होते. बारकी मधे उभी राहून सगळ्यांत जास्त बोलत होती, हे इथे ठेवा, ते तिथे नको, अरे गाढवांनो, अमुक नि तमुक. तिच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती. तिच्या मागची विटांची भिंत मला एकेका विटेसकट दिसत होती.

मी स्वतःला म्हटलं, प्रकाशाचा कोन असेल. नंतर गाडीत सगळा वेळ मी प्रकाशाच्या कोनाचाच विचार करत बसले, कारण दुसरा विचार करायची माझी तयारी नव्हती.

४

परतल्यावर मी तळघरात गेले आणि अल्बमची फाइल उघडली. मला काय बघायचं होतं, नीट सांगता येत नाही. बहुतेक एवढंच, की श्वास तिथे आहेत ना.

होते. वर ठोकळे, खाली मुंग्या. मी स्क्रीन पुढे सरकवत शेवटच्या गाण्यापर्यंत गेले. गाणं संपलं, वरची पट्टी रिकामी झाली. खालची झाली नाही. शेवटच्या गाण्यानंतर, जिथे काहीच असायला नको, तिथे एक श्वास होता. मग आणखी एक. मग रांगच, उजवीकडे जाईल तितकी.

चुकून ओढले गेले असतील. दमलेल्या हाताने काहीही होतं. पण हे श्वास मी कापलेले नव्हते. गाण्याचे श्वास आखूड असतात, हिसका दिल्यासारखे. हे लांब होते, एकसारखे, सावकाश. मी ते ऐकायला लावले आणि पाठ टेकून बसले. आत. बाहेर. शेवटी बारीक शिट्टी. कुणीतरी झोपलेलं होतं.

मी आईला फोन लावला. “बारकी काय करतेय?”

“जेवतेय. टीव्ही बघतेय आणि एकटीच खिदळतेय. का गं? देऊ का तिला?”

“नको.”

मागे टीव्हीचा आवाज येत होता, त्यात बारकीचं हसणं. इकडे स्पीकरमध्ये ती झोपलेली होती. आणि मला आणखी एक गोष्ट कळली, जी दुसऱ्या कुणाला कळली नसती. हा मोठ्या बाईचा श्वास नव्हता. छाती लहान होती. हा आमच्या त्या खोलीतला श्वास होता. याच्याइतकी ओळख माझी जगात दुसऱ्या कुठल्याच आवाजाशी नाही.

मी ट्रॅक बंद करायला हात पुढे केला, आणि बघते तर तो बंदच होता. कापल्या दिवशी मी बंद केला होता तसाच, लाल दिवा लागलेला. मी स्पीकरचं बटण दाबलं. स्पीकर बंद झाले.

आत. बाहेर. शिट्टी.

तळघराच्या टोकाला गाण्याची खोली आहे. खोली कसली, कपाटापेक्षा थोडी मोठी, आतून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या आणि मधे काच. दार लोटलेलं होतं. आवाज तिथून येत होता.

मी उठले आणि जिना चढून वर लाँड्रीत गेले. मशिनांच्या मधल्या बाकावर बसले. लाँड्रीवाले काका चादर घडी करता करता थांबले. “काय झालं? पाइप फुटला की काय?”

“नाही काका. जरा बसते.”

“बस की,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “तुझ्याकडे कुणाचं मूल येतं का गं? खोकल्याचा आवाज येतो अधूनमधून. औषध दे त्याला.”

५

बँडला दूरच्या दौऱ्याचं बोलावणं होतं. परदेशातली गावं, कित्येक महिने. निघायच्या दिवशी दुपारी बारकी आपला बेस न्यायला तळघरात आली. बाकीचे दोघं गाडी आणायला गेले होते. मी ठरवूनच बसले होते.

“मी श्वास परत घालणार आहे,” मी म्हटलं. “नव्या प्रतींमध्ये. रेकॉर्डवर, सगळीकडे.”

ती वायर गुंडाळत होती ती थांबली. “का?”

“कारण ते तुझे आहेत.”

“मला नकोत.”

“बारके, तू श्वास घेत नाहीयेस.”

ती मोठ्याने हसली. “मग बोलतेय कशी?”

 तिने माझी फजिती बघितली आणि मला चिडवायला म्हणून खांदे वर केले, छाती फुगवली, डॉक्टरसमोर मुलं करतात तशी, आणि सोडली. “बघ. घेतला.”

आवाज आला नाही. शर्टाच्या कापडाचा आला, तेवढाच.

मग ती स्पीकरच्या खोक्यावर बसली आणि गंभीर झाली. “ताई, मला बरं वाटतंय. आयुष्यात पहिल्यांदा. जिना आला की मी तो नुसता चढते. रात्री आडवी पडते. तुला ठाऊक नाही आडवं पडणं काय असतं, कारण तू नेहमीच पडत आलीस. आता तू म्हणतेस ते परत घे. तुला मी दमलेलीच आवडते ना?”

हे असं बोलणं मला फार लागलं. लागायचं कारण एवढंच, की मी पटकन नाही म्हणू शकले नाही. तिला काही होत नसेल तर मी तिची कोण, हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला होता.

“तसं नाही,” मी म्हटलं, आणि तिच्यासमोरच खालच्या पट्टीवरचा पहिला तुकडा उचलून वर तिच्या आवाजाच्या जागी बसवला. गाणं लावलं. गाणं सुटलं ते पूर्वीसारखंच, न टेकता. मी दुसरा तुकडा बसवला, तिसरा बसवला. मग स्क्रीनवर मोठं करून बघितलं. तुकडे होते, पण आत सपाट रेघ होती. पुढचे बघितले, सगळे सपाट. नुसती टरफलं उरली होती.

“गेले ना?” बारकी म्हणाली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि खाऊ लागली.

त्याच वेळी मागच्या खोलीत शिट्टी लांबली.

६

मी चटकन वळले. लांबली म्हणजे काय, ते मला सांगावं लागत नाही. शिट्टी, मग मधे नुसती ओढाताण, मग पुन्हा शिट्टी, आधीपेक्षा वर चढलेली. श्वास आखूड व्हायला लागले होते.

“तुझा पंप कुठाय?”

“बॅगेत असेल खाली कुठेतरी. मला काय करायचाय?”

“दे.”

बारकीने माझ्याकडे बघितलं. का, कशाला, काही विचारलं नाही. बेसच्या बॅगेच्या तळाशी हात घालून तिने पंप काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तिची बोटं छान उबदार होती. ती पुन्हा बिस्कीट खाऊ लागली, आणि खोलीत ते मूल गुदमरत होतं. दोन्ही एकाच वेळी, माझ्यापासून सारख्याच अंतरावर. क्षणभर मला खरंच कळेना की पंप कुणाच्या तोंडाला लावायचा.

मी खोलीचं दार उघडलं. आतला दिवा गेलेला होता, काचेतून येईल तेवढाच उजेड. माईक आपल्या उंचीवर उभा होता, पण आवाज तिथून येत नव्हता. तो खालून येत होता, कोपऱ्यातून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून. असा आवाज बसलेल्या माणसाचा असतो. पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकून.

कोपऱ्यातल्या गादीला एक खळगा पडलेला होता. लहान पाठ टेकली की पडावा तेवढा. तो खळगा आत जात होता, बाहेर येत होता, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी.

मला भीती वाटली का? वाटली तर!  पण त्याहून मोठी भीती मला दुसरीच होती, की हा आवाज थांबेल. लहानपणी रात्रभर मला जी वाटायची तीच, आणि ती आली की बाकीची सगळी भीती बाजूला सरकते.

मी गुडघ्यांवर बसले. पंप हलवला. आणि अंधारात हात पुढे केला, जिथे तोंड असायला हवं तिथे. हाताला उंची ठाऊक होती.

मनगट कशानेतरी गच्च धरलं. दोन्ही हातांनी, जशी ती धरायची. गरम, ओलसर आणि इतके लहान हात की दोन्ही मिळून माझं मनगट जेमतेम वेढलं गेलं.

मी दाबलं. फवारा हवेत उडाला नाही. कुणीतरी तो आत ओढून घेतला.

“हळू,” मी म्हटलं. “हळू. धरून ठेव. मी आहे.”

पुन्हा एकदा दाबलं. हात सुटले नाहीत. शिट्टी होती, पण खाली उतरू लागली होती. मी बोलत राहिले, काय ते आठवत नाही, तेच ते जे नेहमी बोलायची. हळूहळू मधली ओढाताण गेली. श्वास लांबले. मग माझ्या खांद्यावर एक वजन आलं, थोडंसं, झोप आली की डोकं कलतं तसं. मी मान वळवून बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती, आणि हलले असते तर ती जागी झाली असती.

दारात सावली पडली. बारकी उभी होती. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

“झोपली का ती?” तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं.

मी मान डोलावली.

“आडवी नको करूस,” ती म्हणाली. “आडवी केली की वाढतं.”

“माहितीय मला.”

“हो. तुला माहीतच आहे.”  बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि वेल्डरची हाक आली, महाराणी, चला. “मग जाऊ मी?”

मी तिच्याकडे बघितलं. गाल भरलेले, डोळ्यांखालचं काळं गेलेलं, खांदे सैल. हाच चेहरा तिला मिळावा म्हणून मी किती तळमळले होते! त्यात कुठेच काही कमी नव्हतं, आणि मला तो बघवत नव्हता.

“जा,” मी म्हटलं.

ती बेस खांद्याला लावून जिना चढून गेली. भराभर, न थांबता, वरपर्यंत. मी कान देऊन ऐकत होते. पावलांशिवाय काही ऐकू आलं नाही. मग गाडीचं दार लागलं आणि गाडी गेली.

७

वर मशिनं बंद झाली आहेत. माझा पाय बधिर झालाय, पण मी बसल्या जागची उठलेले नाही. खांद्यावरचं वजन तसंच आहे. आत. बाहेर. शिट्टी अगदी बारीक, काळजी करण्यासारखी नाही.

मघाशी खिशातला फोन थरथरला. एका हाताने कसाबसा काढला. आईचा होता.

“निघाली का गं बारकी?” आई नेहमीसारखी जोरात बोलत होती. “केव्हाची फोन करतेय, उचलत नाही. तिला म्हणावं, एवढ्या लांब जातेयस तर...”

“आई, हळू बोल,” मी म्हटलं. “बारकी आत्ता कुठे झोपलीय.”